गटाला गावच नाही

आमच्याकडे ‘गट’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, कुठला? सातबाऱ्यावरचा गट असतो, बायकांचा बचत गट असतो, विकास सोसायटीच्या निवडणुकीत फुटतो तोही गटच. यातला प्रत्येक गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कुणीही सांगेल. सातबाऱ्यावरचा तर बांधाच्या दगडापर्यंत. जिल्हा परिषदेच्या गटाचं, म्हणजे परिषदेवर एक सदस्य निवडून देणाऱ्या मतदारसंघाचं, तसं नाही. ‘आपलं गाव कुठल्या गटात?’ असं पारावर विचारून बघा. एक जण जुनं नाव सांगेल, दुसरा म्हणेल की ते मागच्या वेळचं, आता आपल्याला खालच्या अंगाला जोडलंय, आणि तिसरा खात्री करायला मोबाइल काढेल.

लोक बेफिकीर आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. त्याच पारावर विधानसभेचा मतदारसंघ विचारा, ग्रामपंचायतीचा वॉर्ड विचारा, झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येतं. गट लक्षात राहत नाही, कारण तो लक्षात राहील इतका काळ एका जागी टिकूच दिला जात नाही. दर निवडणुकीला त्याच्या सीमा हलतात, दर निवडणुकीला त्याचं आरक्षण बदलतं, आणि गेल्या काही वर्षांत तर निवडणूकच नाहीशी झाली होती. जो मतदारसंघ स्वतःला ओळखत नाही त्याचं प्रतिनिधित्व कुणी आणि कसं करायचं? आपण सगळा राग सदस्यावर काढतो. ‘निवडून गेला आणि तोंड दाखवलं नाही.’ बरोबर आहे, पण त्याने तोंड दाखवावं अशी सोय आपल्या कायद्यात किती आहे, तेही एकदा बघायला हवं.

मुळात ही रचना चांगल्या हेतूने झाली होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्या कायद्याचं एक वेगळेपण फारसं सांगितलं जात नाही. महाराष्ट्राने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सभागृहात सदस्य म्हणून घेतलं नाही. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना तशी मुभा दिली, पण आपण तिचा वापर केला नाही. विचार साधा होता: आमदाराने मुंबईत कायदे करावेत आणि जिल्ह्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव यांचा कारभार जिल्ह्यातून निवडून आलेल्यांनी बघावा. त्यासाठी जिल्ह्याचे गट पाडायचे, दर गटाला एक जिल्हा परिषद सदस्य. आणि गटाचे दोन गण, दर गणाला एक पंचायत समिती सदस्य.

या रचनेने माणसं घडवली, हे नाकारता येणार नाही. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि विधानसभेत जाण्याआधी जवळजवळ अकरा वर्षं तिथे होते. ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगावी पोचवलं, त्यामागे जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात काढलेली वर्षं होती, असं मला नेहमी वाटतं. मंत्रालयातल्या माणसाला हागणदारी हा शब्द फाइलीत भेटतो. गटातून फिरलेल्याला तो वाटेवर भेटलेला असतो.

आता गट पाडतात कसा ते बघू. कायद्याने जिल्हा परिषदेत कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ निवडून आलेले सदस्य असतात. हा ५०-७५ चा आकडा वरवर निरुपद्रवी वाटतो. पण सिंधुदुर्ग घ्या. २०११ च्या जनगणनेत तिथली ग्रामीण लोकसंख्या साडेसात लाखांच्या आत होती आणि सदस्य ५०. म्हणजे एका गटात पंधरा हजारांच्या आसपास माणसं. अहिल्यानगर जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या त्याच जनगणनेत सुमारे ३६ लाख, आणि ७५ च्या वर जाता येत नाही. म्हणजे पूर्ण ७५ धरले तरी एका गटात अठ्ठेचाळीस हजार. मालवणच्या एका मतदाराचं वजन पाथर्डीच्या तिघांएवढं झालं. सिंधुदुर्गाचं कमी करा असं मी म्हणणार नाही. वाडी-वाडीत विखुरलेल्या, मध्ये खाडी आणि घाटी असलेल्या मुलखात पंधरा हजार माणसं सांभाळणंही सोपं नसतं. माझी तक्रार अठ्ठेचाळीस हजारांबद्दल आहे. एवढ्या लोकांसाठी एक माणूस, त्याला ना कार्यालय, ना मदतनीस, ना पुरेसं मानधन, आणि वर अपेक्षा अशी की तो प्रत्येकाच्या दहाव्याला हजर असावा.

शिवाय हे सगळे आकडे २०११ चे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढच्या जनगणनेसाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर पुण्याभोवतीच्या मुळशी-हवेलीतलं एखादं गाव, जिथे शेतात सोसायट्या उगवल्या, आणि मराठवाड्यातलं एखादं गाव, जिथली तरणी पोरं त्याच सोसायट्यांच्या बांधकामावर गेली, दोघांचं माप पंधरा वर्षांपूर्वीच्या फुटपट्टीनेच घ्यायचं.

हद्द ठरवताना उत्तरेकडून सुरुवात करून नागमोडी पद्धतीने दक्षिणेकडे येत गट पाडतात आणि क्रमांक देतात. कागदावर ही पद्धत निःपक्षपाती आहे. पण गावांची नाती नागमोडी नसतात. ती बाजाराच्या वाराने ठरतात, हायस्कूलने ठरतात, दूध कुठल्या संकलन केंद्रावर जातं आणि ऊस कुठल्या कारखान्याला जातो त्यावर ठरतात. नारायणगाव-वारूळवाडी हे जुन्नर तालुक्यातलं गटाचं नाव मला नेहमी आवडतं, कारण ती दोन गावं खरोखरच एकमेकांना चिकटलेली आहेत. सगळ्या जोड्या अशा जुळत नाहीत. कितीतरी गटांची नावं म्हणजे लोकसंख्येच्या गणिताने लावलेली लग्नं आहेत. मधल्या डोंगराला विचारलंच नव्हतं. नदीच्या दोन काठांवरची गावं एका गटात टाकली आणि पूल मात्र दुसऱ्याच गटातून जातो, अशा तऱ्हा ग्रामीण भागात राहणाऱ्याला नव्या नाहीत. हरकतींना मुदत असते, सुनावणीही होते. तिथे येणाऱ्या हरकती बहुतेक इच्छुकांच्या असतात, गावांच्या क्वचितच. गावाला आपण कुठल्या गटात असावं याचं मत असतं, पण ते मांडण्याइतका त्यात रस उरलेला नाही.

रस का उरला नाही, याचं मोठं उत्तर आरक्षणाच्या सोडतीत आहे. इथे जपून बोलायला हवं, कारण आरक्षणाच्या बाजूचा माणूसही सोडतीबद्दल कुरकुर करू लागला की लगेच त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं, आणि तो संशय अगदीच अनाठायी नसतो. म्हणून आधीच सांगतो: अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, महिलांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा, ओबीसींना वाटा, यातलं एकही कमी करावं असं मला वाटत नाही. या जागा नसत्या तर जिल्हा परिषदेच्या सभागृहात अजूनही त्याच पाच-सहा घराण्यांचे फेटे दिसले असते. माझा आक्षेप आरक्षण दर पाच वर्षांनी फिरवण्याला आहे.

सोडतीच्या दिवशी शाळेतल्या लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात. सभागृह खचाखच भरलेलं असतं. चिठ्ठी उघडते, आणि कुणाचा तरी गट ‘लेडीजला सुटतो’, कुणाचा ‘ओबीसीला पडतो’, कुणाचा ‘ओपन राहतो’. ही क्रियापदं लक्ष देऊन ऐका. पिकावर गारा पडाव्यात तसं आरक्षण पडतं. बाहेर येईपर्यंत निम्मे इच्छुक शेजारच्या गटाची चौकशी करू लागलेले असतात आणि उरलेले घरी फोन लावत असतात: कागदपत्रं काढून ठेव, तुला उभं राहायचंय.

कायद्याच्या नजरेने हा फेरा न्याय्य आहे, कारण कुठलाही गट कायमचा कुणासाठी बंद राहू नये. व्यवहारात मात्र या फेऱ्याची झळ सगळ्यात जास्त बसते ती ज्याच्यासाठी आरक्षण आणलं त्यालाच. महिला राखीव गटातून पहिल्यांदा निवडून आलेली बाई पहिली दोन वर्षं तर विषय समिती म्हणजे काय, अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष म्हणजे काय, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सभेत प्रश्न कसा विचारायचा, हे शिकण्यात घालवते. सुरुवातीला नवरा बरोबर येतो. ‘आमच्या मिसेस झेडपीला आहेत’ असं म्हणत तोच चहाही घेतो आणि निर्णयही घेतो. पण सगळ्या बायका तिथेच थांबत नाहीत. तिसऱ्या वर्षी ती एकटी येऊ लागते, चौथ्या वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागांवरून तिचा आवाज चढतो, आणि पाचव्या वर्षी गट ओपन होतो. पक्ष म्हणतो, ताई, तुम्ही चांगलं काम केलंत, आता दादांना थांबवता येणार नाही.

प्रामाणिकपणे उलट बाजूचाही पुरावा मांडतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले वॉर्ड त्यांनी पाहिले, तेव्हा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांपेक्षा जवळपास पाचपट निघाली. म्हणजे एकदाच्या आरक्षणाचाही ठसा राहतो. पण पायाच इतका लहान होता, की पाचपट होऊनही बहुतेक खुल्या वॉर्डांत पुरुषच आले. आणि हा शहरातला वॉर्ड आहे, पायी फिरून होणारा. वीस-पंचवीस गावांच्या गटात बाईचं नाव चार कोसांवर पोचायला पाच वर्षं पुरत नाहीत. तमिळनाडूने पंचायतींतलं आरक्षण दहा वर्षं, म्हणजे दोन निवडणुका, एकाच जागी ठेवून मग फिरवायची पद्धत घेतली. आपण तेच करावं. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला, दलित सदस्याला, ओबीसी सदस्याला त्याच लोकांसमोर दुसऱ्यांदा उभं राहता येईल आणि लोकांना त्यांना नापास करायचीही संधी मिळेल. आज नापास करायची सोयच नाही. पाच वर्षांनी जाब द्यायचाच नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला माणूस कसा वागेल?

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या गळक्या वर्गखोलीसाठी आम्ही चौघे एका सदस्याकडे गेलो होतो. माणूस भला. त्याने चहा पाजला, अर्जावर सही केली, आणि मग अगदी सरळपणे म्हणाला, “गुरुजी, पुढच्या वेळी गट मला राहत नाही. मी आता वरच्या गटात काम दाखवतोय.” खोली पुढे दोन पावसाळे गळली. मला त्याचा राग आला नाही. त्याने गणित बरोबरच मांडलं होतं.

त्यात २०२५ मध्ये आणखी एक भर पडली. सरकारने चक्रानुक्रमाचे, म्हणजे आरक्षण गटागटांतून फिरवण्याचे, १९९६ चे नियम बाजूला ठेवून नवे नियम केले आणि नव्या नियमांखालची पहिली निवडणूक ही आरक्षणाच्या फेऱ्यासाठीही पहिलीच धरायची, असं ठरवलं. जुना हिशेब पाटीवरून पुसला. न्यायालयात आव्हान दिलं गेलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते फेटाळलं. कायदेशीर झालं खरं, पण ज्या गटातले लोक आपली पाळी कधी येणार म्हणून दोन-तीन निवडणुका मोजत बसले होते, त्यांना पुन्हा एकपासून मोजायला सांगितलं.

आणि निवडणूक? फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटनेचं कलम २४३-ई सांगतं की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. झाली नाही. ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आधी आकडेवारी गोळा करा आणि मगच ओबीसींच्या जागा ठरवा, असा पेच उभा केला होता, मग त्या आकडेवारीसाठी बांठिया आयोग आला, मधल्या काळात सदस्यसंख्या एका सरकारने वाढवली आणि दुसऱ्याने पूर्ववत केली, आणि सगळं न्यायालयात जाऊन बसलं. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयाला चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, ती सप्टेंबरमध्ये पुन्हा वाढली. पेच खरा होता, हे मान्य. पण तो सोडवायची घाई कुणालाच नव्हती, हेही तितकंच खरं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९७९ नंतर महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांची पुढची सार्वत्रिक निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. तेरा वर्षं! पुन्हा असं होऊ नये म्हणून तर ७३ वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तीस वर्षांत आपण तिला वळसा घालायचा रस्ता शोधून काढला.

सदस्य नसताना कारभार प्रशासक म्हणून सरकारी अधिकाऱ्याकडे होता. त्या काळात काही बिघडलं नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात, त्यात शिकलेले जास्त. उलट फाइली भराभर निघतात, टक्केवारी थांबते, म्हणे. टक्केवारी थांबते की तिचा पत्ता बदलतो, हा प्रश्न बाजूला ठेवू. पैशाकडे बघू. जिल्हा नियोजन समितीत कायद्याने चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या सदस्यांमधून निवडून यायचे असतात. सभागृहंच रिकामी, तर या जागा भरणार कुठून? समितीत उरतात पालकमंत्री, आमदार आणि अधिकारी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला प्रत्येकी दहा टक्के वाटा होता, बाकीचे ऐंशी टक्के ग्रामपंचायतींना; चौदाव्या आयोगाने तर सगळेच पैसे ग्रामपंचायतींना दिले होते. हा दहा टक्क्यांचा वाटाही निवडून आलेलं मंडळ नसेल तर अडकत होता. आणि याच सुमारास आमदारांचा स्थानिक विकास निधी तीन कोटींवरून चार आणि चारावरून पाच कोटींवर गेला. गावातल्या सभामंडपाचा, स्मशानभूमीच्या शेडचा, काँक्रीट गल्लीचा पैसा ‘२५१५’ या गावातल्या मूलभूत सुविधांच्या लेखाशीर्षामधून आमदारांच्या शिफारशीने येतो, आणि फलकावर फोटोही त्यांचाच. १९६१ मध्ये ज्यांना सभागृहाच्या दाराबाहेर ठेवलं, त्यांनी तिजोरीची किल्ली नेली. मग गटाचा सदस्य कशाला हवा, असं लोक विचारतात तेव्हा ते चुकत नाहीत. तो निरुपयोगी ठरेल अशीच तजवीज झालेली आहे.

तरी तो हवा, कारण आमदाराला जे दिसत नाही ते त्याला दिसतं. अंगणवाडीत वजनकाटा बिघडलेला असतो, चौथीच्या वर्गाला शिक्षक नसतो, पशुवैद्यकीय दवाखान्यात लसच आलेली नसते. अशा गोष्टींसाठी आमदार विधानसभेत प्रश्न लावत नाही आणि सरपंचाच्या पत्राला जिल्ह्याचं कार्यालय विचारत नाही. मधला कुणीतरी लागतो, जो सर्वसाधारण सभेत उभा राहून अधिकाऱ्याला नावानिशी विचारेल. साडेतीन वर्षांहून जास्त काळ ते विचारणारं कुणी नव्हतं. विचारलंच गेलं नाही म्हणून काही बिघडल्याचं कळलंही नाही.

एक गोष्ट निवडणूक आयोगाच्या हातातली आहे. २०१७ चं मतदान फेब्रुवारीत झालं. तेव्हा बीडमधली तांडे आणि वस्त्या अर्ध्याहून रिकाम्या असतात. माणसं कोल्हापूर-सांगलीच्या, थेट कर्नाटकाच्या उसाच्या फडात कोयता घेऊन असतात. उमेदवार ट्रक पाठवून त्यांना मतदानाला आणतात आणि त्या प्रवासाचं भाडं मताने वळतं करून घेतात. गाळप हंगाम संपल्यावर, मे महिन्यात निवडणूक घेतली तर एवढा खर्च वाचेल आणि मतही जरा मोकळं होईल. उन्हाचं कारण सांगू नये. लोकसभेला आपण मे महिन्यात रांगा लावतोच.

दुसरी गोष्ट कायद्यातली, आणि माझ्या मते दहा वर्षांच्या आरक्षणाइतकीच महत्त्वाची. ग्रामपंचायतीला ग्रामसभा आहे, वर्षातून किमान चार. लोक येतात, न येतात, पण सरपंचाला कधीतरी ओट्यावर उभं राहून हिशेब वाचावा लागतो. गटाला असं काहीच नाही. निवडून आल्यावर सदस्याने गटातल्या सगळ्या गावांना एकत्र तोंड द्यावं असा एकही दिवस कायद्यात नाही. वर्षातून दोनदा गटसभा सक्तीची करा. गटातले सरपंच, शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, बचत गटांच्या बायका, आणि ज्याला यायचं तो. समोर जिल्हा परिषद सदस्य, दोन्ही पंचायत समिती सदस्य आणि गटविकास अधिकारी. कुठल्या लेखाशीर्षातून कुठल्या गावाला किती आले, ते मोठ्याने वाचायचं.

हे सांगितलं तेव्हा आमच्या तालुक्यातले एक जुने पंचायत समिती सदस्य हसले. म्हणाले, “विषयपत्रिका वाचायच्या आधीच राडा होईल. सभा कुठल्या गावात घ्यायची यावरूनच.” होऊ दे की. गटातल्या गावांना गट म्हणून आजवर भांडायलाही कुठे मिळालंय? मी त्यांना विचारलं, आपल्या गटात सोयीचं गाव कुठलं पडेल? त्यांनी बोटांवर गावं मोजायला सुरुवात केली, सातव्या गावापाशी अडखळले, आणि म्हणाले, “थांब, ते आता आपल्यात आहे की नाही?”